दोन खर्ज : एक धरणारा, एक चालणारा



या स्मृतिव्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी सोलापूरपासून फार दूरचा वाटण्याची शक्यता आहे. ज्या वाद्यवृंदांत बेस वाजवणारा एक नसून दोन वादक असतात, अशा वृंदांचा येथे विचार करावयाचा आहे. बेस म्हणजे वृंदातील सर्वांत खालच्या सप्तकात बोलणारे तंतुवाद्य. त्याची दोन रूपे प्रचलित आहेत : एक, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, उभे राहून गजाने किंवा बोटांनी वाजवले जाणारे डबल बेस; आणि दुसरे, लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेच्या बाजारात आणलेले, विजेवर चालणारे बेस गिटार. जॅझमध्ये, जॅझ आणि रॉक किंवा जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या मिलाफातून घडलेल्या फ्यूजनमध्ये, आणि रॉकचे साधे गाणे मोडून त्यातून दीर्घ, अनेक भागांच्या रचना बांधू पाहणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये हे वाद्य सामान्यतः एकट्याकडे सोपवलेले असते, आणि तसे असण्याला सबळ कारणही आहे. मग काही थोर संगीतकारांनी दुसरा बेसवादक का बोलावला? केवळ आवाज वाढवायचा होता काय? आवाजच वाढवायचा असता तर ध्वनिवर्धकाची कळ पुरेशी होती.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, खालच्या सप्तकाला संगीतात दोन कामे करावी लागतात. एक काम आधारस्वर धरून ठेवण्याचे, आणि दुसरे काम चालत राहण्याचे, म्हणजे वरच्या सुरावटीखालून स्वतःची वाट काढत जाण्याचे. पाश्चात्त्य वृंदाने ही दोन्ही कामे एकाच वादकाच्या खांद्यावर दिली. आपल्याकडे मात्र ती फार पूर्वीपासून वेगवेगळ्या हातांत आहेत : तानपुरा धरतो आणि डग्गा चालतो. दोन बेसवादकांच्या वृंदांचा इतिहास नीट पाहिला तर तो या वाटणीच्या शोधाचा इतिहास आहे, आणि त्या शोधात भारतीय संगीताचा, एका टप्प्यावर तर एका मराठी तबलावादकाचा, प्रत्यक्ष हात आहे.

प्रथम अडचण पाहिली पाहिजे, कारण अडचण समजल्याशिवाय उपायाचे मोल कळत नाही. स्वराची उंची सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने मोजतात. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, त्यावरची ५५. आता ५५ कंपनांच्या स्वरासोबत त्याच्या लगतचा, ५८ कंपनांचा स्वर वाजला, तर कानाला दोन स्वर ऐकू येत नाहीत. सेकंदाला तीन वेळा हेलकावणारी एकच गुरगुर ऐकू येते. वरच्या सप्तकात षड्ज आणि कोमल गंधार एकत्र वाजले तर कान त्यांना सहज वेगळे ओळखतो आणि त्यात गोडवाही मानतो, परंतु हीच जोडी तीन सप्तके खाली आणली की ती चिखलासारखी होते, कारण मानवी कान खालच्या पट्ट्यात जवळजवळचे स्वर निवडून घेण्यास असमर्थ आहे. वरच्या भागात चार व्हायोलिन गुण्यागोविंदाने नांदतात, तर खाली दोन बेसही एकमेकांच्या वाटेत येतात, याचे कारण वादकांच्या स्वभावात नसून कानाच्या रचनेत आहे. म्हणून जगातील बहुसंख्य वृंदांनी एकच बेस ठेवला, आणि ते शहाणपणाचेच होते.

आता आपल्या घराकडे वळावे. ख्यालगायनाच्या मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे का असतात? सवयीने डोळ्यांना ते शोभेचे वाटतात, पण ते शोभेसाठी नाहीत. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमात, किंवा ज्या रागात पंचम नाही तिथे मध्यमात अथवा निषादात लावतात. मधल्या दोन, ज्यांना जोड म्हणतात, त्या षड्जात. आणि चौथी, पितळेची जाड तार, त्याच्या एक सप्तक खालच्या षड्जात, म्हणजे खर्जात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा. म्हणजे तानपुऱ्याची चौथी तार थेट बेस गिटारच्या प्रदेशात बोलते. एका तानपुऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडताना खर्जाचा स्वर उमटतो, विरत जातो आणि पुन्हा उमटेपर्यंत मध्ये पोकळी राहते. दुसरा तानपुरा पहिल्याशी मुद्दाम ताल न जुळवता छेडला जातो, आणि त्यामुळे एकाच्या विरण्याच्या क्षणी दुसरा बोलतो. दोन वाद्ये, एकच स्वर, आणि तरीही गोंधळ नाही. कारण दोघेही एकाच षड्जावर आहेत आणि एक दुसऱ्याची पोकळी भरतो आहे.

या वाद्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिच्यामुळे एकाच तारेतून असंख्य उपस्वर झळकू लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचे कंपन शून्य असायला हवे, ते उपस्वर युरोपीय ध्वनिशास्त्राच्या नियमाप्रमाणे ऐकू येता कामा नयेत, पण तानपुऱ्यात ते ठळकपणे ऐकू येतात. घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पृष्ठभागावर तार जी घासत राहते, तिची ही करामत आहे. या करामतीमुळे खर्जाची एक तार सगळ्या सप्तकांत एकाच वेळी उपस्थित राहते, आणि गायक कितीही वर गेला तरी त्याच्या पायाखालची जमीन त्याला ऐकू येत राहते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी तानपुरा लावण्यात जो जीव ओतला, त्याचे मर्म हेच होते. ते मिरजेत स्थायिक झाले आणि त्याच मिरजेत शिकलगार कुटुंबांनी, जी पूर्वी शस्त्रांना धार लावत असत, तानपुरे आणि सतारी घडवण्याची कला एकोणिसाव्या शतकात वाढवली. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि या वाद्यांचे भोपळे कुठले? ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. पंढरपूर आणि मंगळवेढा या भागांतील शेतकरी जो जाड सालीचा कडू भोपळा पिकवतात, वाळवतात आणि मिरजेला पाठवतात, त्यातून तानपुऱ्याचे पोट तयार होते. देशभरातील मैफलींत जो षड्ज धरला जातो, त्यातला कितीतरी भाग भीमेच्या काठच्या मातीतून उगवलेल्या पोकळीत घुमतो. हे वाक्य अभिमानासाठी नव्हे, तर विषयाच्या गाभ्याशी संबंधित म्हणून येथे ठेवले आहे : खर्ज धरण्याचे साधन पुरवणारा हा जिल्हा आहे, आणि म्हणून खर्जाची चर्चा येथे परकी नाही.

चालणाऱ्या खर्जाचे काम आपल्याकडे चामड्याने केले. तबल्याचा डग्गा मनगटाच्या दाबाने आपला स्वर वर चढवतो आणि खाली सोडतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावून त्याला खोल नाद दिला जातो. आषाढीच्या वाटेवर दिंडीत मृदंगाच्या डाव्या तोंडाचा जो नाद पावलांना ओढून नेतो, तोच आपल्या भागातील चालणारा बेस होय. गोंधळात संबळाचा मोठा नगारा चालतो आणि तुणतुणे एकच स्वर धरून बसते. शाहिरीतही, ज्या परंपरेत सोलापूरच्या राम जोशींचे नाव अग्रभागी आहे, ढोलकी चालते आणि तुणतुणे धरते. येथे एक शंका रास्त आहे : तुणतुणे तर खर्जात बोलत नाही, ते वरच बोलते, मग ते आधार कसे देते? उत्तर असे की, संबळाच्या किंवा ढोलकीच्या नादाला तानपुऱ्यासारखी पक्की स्वरस्थाने नसतात; तो नाद खोल असला तरी षड्जावर दावा सांगत नाही, आणि म्हणून तुणतुण्याची एक बारीक तारही षड्ज राखू शकते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे बेस गिटारचा प्रश्न येईल तेव्हा तिचीच गरज पडणार आहे.

आता हीच वाटणी जॅझमध्ये पाहण्यासाठी न्यूयॉर्क. २१ डिसेंबर १९६० रोजी जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी एकाच खोलीत दोन चौकड्या बसवून सुमारे सदतीस मिनिटांचे सलग वादन ध्वनिमुद्रित केले. ‘फ्री जॅझ’ नावाने प्रसिद्ध झालेल्या या ध्वनिमुद्रिकेत डाव्या कर्ण्यातून एक चौकडी ऐकू येते आणि उजव्यातून दुसरी. डावीकडे स्कॉट लाफारो बेसवर होते, उजवीकडे चार्ली हेडन. आधी ठरलेली स्वरसंगती नाही, ठरलेली लांबी नाही, आठजण एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवीत आहेत, आणि तरीही ते वादन कोसळत नाही. ते कशामुळे तरले? हेडन मोजके, भरदार, खालचे स्वर घेऊन जमिनीसारखे राहिले. लाफारो वरच्या पट्ट्यात वेगाने, जवळजवळ गिटारसारखे धावले. दोन बेस एकत्र आले तेव्हा धरण्याचे आणि चालण्याचे काम कोणी न सांगता वाटले गेले. लाफारो पुढच्याच वर्षी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेले, आणि ही जोडी तिथेच संपली.

कोलमन यांच्या प्रयोगात ही वाटणी जणू आपोआप झाली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी ती जाणीवपूर्वक मागितली. १९६१ च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या ‘ओले कोल्ट्रेन’ मध्ये रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस असे दोन बेसवादक आहेत, आणि शीर्षकरचनेत एक बेस बोटांनी एकच घाट पुन्हा पुन्हा फिरवतो तेव्हा दुसरा गज चालवून त्याच्याभोवती फिरतो. ‘आफ्रिका’ या त्याच काळातील रचनेतही दोन बेस आहेत. त्या काळच्या एका मुलाखतीत कोल्ट्रेन यांनी याचे कारण सांगितले : एक बेस एका स्वराभोवती घुटमळत असताना त्याने सोडलेल्या जागा दुसरा भरू शकतो असे त्यांना वाटले, आणि भारतीय ध्वनिमुद्रिकांत ऐकलेल्या एका तालवाद्याचा परिणाम त्यांना आपल्या वृंदात हवा होता. एकाच्या पोकळीत दुसऱ्याने बोलणे! मैफलीत गायकामागे बसलेल्या दोन तानपुऱ्यांचे वर्णन याहून वेगळ्या शब्दांत करता येईल काय? त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या क्लबमध्ये त्यांनी जी रचना दोन बेसांसह वाजवली, तिचे नाव ‘इंडिया’. तीत वर्कमन आणि जिमी गॅरिसन यांनी एकच आधारस्वर जिवंत ठेवला आणि त्यावर सॅक्सोफोन आणि एरिक डॉल्फी यांचे बेस क्लॅरिनेट मोकळे झाले. पाश्चात्त्य जॅझची सवय अशी की, खालचा स्वर दर एक-दोन मात्रांनी बदलतो आणि त्याबरोबर वरची स्वरसंगती बदलते. येथे ती सवय सोडून षड्ज स्थिर केला गेला. पुढे कोल्ट्रेन यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे मार्गदर्शन घेतले आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले. एवढ्या मोठ्या कलावंताने आपल्या संगीताकडे कुतूहलाची वस्तू म्हणून न पाहता त्यातले बांधकाम पाहिले, ही गोष्ट फार मोलाची आहे.

पण याहून जवळची, मराठी श्रोत्याने विशेष ऐकावी अशी घटना लंडनमध्ये घडली. कोलकात्यात जन्मलेले संगीतरचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. वृंदाचे नावच दुहेरी पंचक होते : पाच जॅझवादक आणि पाच भारतीय पद्धतीचे वादक. जॅझच्या पाचांत बेसवर रिक लेर्ड होते. भारतीय पाचांत मेयर स्वतः व्हायोलिनवर, दिवाण मोतीहार सतारीवर, एक बासरी, एक तानपुरा, आणि तबल्यावर मुंबईत जन्मलेले केशव साठे. तांत्रिकदृष्ट्या पाहता या वृंदात बेसवादक एकच होता. परंतु खर्ज किती होते? तानपुरा षड्ज धरत होता, डबल बेस चालत होता, आणि साठे यांचा डग्गा दोघांच्या मधल्या जागेत कधी स्वरासारखा तर कधी आघातासारखा बोलत होता. म्हणजे दोन बेसांची वाटणी येथे दोन संस्कृतींच्या वाद्यांत झाली. मेयर यांनी सगळे लिहून काढले होते, मात्रा मोजून ठरवल्या होत्या, आणि त्यामुळे काही ठिकाणी संगीत आखडल्यासारखे वाटते हे मान्य केले पाहिजे. मात्र जिथे तानपुऱ्यावर बेस एकटा चालतो आणि साठे त्याला ठेका देतात, तिथे ते आखडलेपण गळून पडते.

केशव साठे यांच्या वाट्याला महाराष्ट्रात जेवढी कीर्ती यायला हवी होती तेवढी आली नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९६७ मध्ये जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’ या नावाने जे ध्वनिमुद्रण झाले, त्यात पियानोवर इरेने श्वाइत्झर, बेसवर उली ट्रेप्टे, सतारीवर मोतीहार, तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर साठे होते. त्या वादनात लिहिलेल्या मात्रांचा जाच नाही. तानपुरा सुरू राहतो, बेस त्याच्यापासून दूर जातो, परत येतो, आणि परत आल्याचे कानाला कळते, कारण घर जागेवर आहे. पुढे ट्रेप्टे जर्मनीच्या ‘गुरू गुरू’ या प्रयोगशील रॉक वृंदात गेले, तर साठे इंग्लंडमध्येच राहून लोकगीतांच्या वृंदांनाही साथ करीत राहिले. तबलजी म्हणजे साथीदार, या समजुतीमुळे त्यांच्या कामाचे मोल झाकले गेले. डग्गा हे खर्जाचे वाद्य आहे आणि तबलजी हा वृंदाचा दुसरा बेसवादक आहे, असे मानले तर साठे यांचे स्थान एकदम बदलते.

१९६९ कडे जाताना एक धागा हाती धरून जावे, आणि तो धागा म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी न्यूयॉर्कमध्ये तीन दिवस ‘बिचेस ब्रू’ ध्वनिमुद्रित केले. खोलीत डेव्ह हॉलंड बहुतांशी डबल बेसवर, हार्वी ब्रुक्स विजेच्या बेसवर, आणि खालच्या पट्ट्यात भर म्हणून बेनी मॉपिन यांचे बेस क्लॅरिनेट. ब्रुक्स एक छोटा घाट धरून त्याची आवृत्ती करीत राहतात. हॉलंड त्याला वळसे घालतात. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला डेव्हिस यांनी आणखी एक पाऊल टाकले : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या रचनेसाठी डबल बेसवर रॉन कार्टर, विजेच्या बेसवर ब्रुक्स, सतारीवर खलिल बालकृष्ण, आणि तानपुरा व तबला यांच्यासाठी बिहारी शर्मा. दोन बेस आणि तानपुरा एकाच खोलीत! १९७४ मध्ये ‘बिग फन’ या संचात हे ध्वनिमुद्रण बाहेर आले. त्यातला तानपुरा मात्र वातावरणासाठी वापरला गेला आहे. त्याच्यावर कोणी विसंबलेले नाही, आणि म्हणूनच एवढी साधने असूनही आधार ठिसूळ वाटतो. साधन आणणे वेगळे आणि काम सोपवणे वेगळे.

मॅक्लॉक्लिन या दोन्ही प्रसंगी त्या खोलीत होते. नंतर त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभारला, तेव्हा बेसवर आले ते रिक लेर्ड, म्हणजे साठे यांच्याबरोबर दुहेरी पंचकात वाजवणारे तेच लेर्ड. आणि नंतर? ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेतील साउथॅम्प्टन कॉलेजात त्यांच्या ‘शक्ती’ या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली, आणि तीत एकही बेसवादक नव्हता. दोन बेसांच्या खोलीतून आलेल्या माणसाने बेसच काढून टाकला, याचा अर्थ काय लावावा? अर्थ असा की, त्यांना ती दोन कामे वेगळी दिसू लागली होती. धरण्याचे काम त्यांनी खास बनवून घेतलेल्या गिटारकडे गेले, ज्याच्या पोटावरून आडव्या जाणाऱ्या सात जादा तारा तानपुऱ्याप्रमाणे छेडता येत. चालण्याचे काम माहीमच्या झाकिर हुसेन यांच्या डग्ग्याकडे, विक्कू विनायकराम यांच्या घटमकडे आणि आर. राघवन यांच्या मृदंगमकडे गेले. ‘शक्ती’ हा बेस नसलेला वृंद आहे असे सर्वत्र म्हटले जाते. खर्जाच्या दृष्टीने पाहता तो दोन बेसांचाच वृंद होता, फक्त बेस नावाचे वाद्य त्यात नव्हते. झाकिर हुसेन यांनी डग्ग्याला जे गाणे दिले, त्याशिवाय हे घडले नसते. पुढे २०२३ च्या ‘ॲज वी स्पीक’ मध्ये त्यांच्यासोबत एडगर मेयर यांचे गजाने वाजणारे डबल बेस आले, तेव्हा दोन खालचे आवाज एकमेकांना वाट देत, एक थांबला की दुसरा उचलत, किती सभ्यपणे एकत्र राहू शकतात हे जगाने ऐकले. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन गेले आणि या संवादातला एक आवाज कायमचा थांबला.

रॉकच्या बाजूची हकिगत थोडक्यात आटोपता येईल. ‘किंग क्रिम्सन’ या इंग्लंडच्या प्रोग्रेसिव्ह वृंदाने १९९४ मध्ये दुहेरी त्रिकूट उभे केले : दोन गिटार, दोन ढोलवादक, आणि खालच्या पट्ट्यासाठी टोनी लेव्हिन व ट्रे गन. लेव्हिन बेस गिटारबरोबर चॅपमन स्टिक हे दोन्ही हातांच्या बोटांनी तारा दाबून वाजवायचे वाद्यही वाजवीत, आणि गन यांच्याकडेही त्याच जातीचे वाद्य होते. १९९५ च्या ‘थ्रॅक’ मध्ये या सहाजणांचे वजन प्रचंड आहे, पण ते संगीत सर्वांत चांगले तिथे होते जिथे गन वर जातात आणि लेव्हिन खाली राहतात; जिथे दोघेही खाली उतरतात तिथे कानाची मघाची अडचण पुन्हा समोर येते. जॅझच्या बाजूला ऑर्नेट कोलमन यांनी मात्र दोन बेसांची ही गाठ शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या ‘प्राइम टाइम’ या विजेच्या वृंदात अनेक वर्षे दोन बेसवादक होते, आणि १९९५ च्या ‘टोन डायलिंग’ मध्ये तर दोन बेसांबरोबर बादल रॉय यांचा तबलाही होता. शेवटी २००५ मध्ये जर्मनीत मुद्रित झालेल्या ‘साउंड ग्रामर’ मध्ये त्यांनी विजेची वाद्ये बाजूला ठेवून दोन डबल बेस घेतले : ग्रेग कोहेन बोटांनी वाजवतात, टोनी फलांगा गजाने. नादाची जातच वेगळी केली की एकाच सप्तकातही दोघांची ओळख टिकते, हा सोपा उपाय. या कृतीला २००७ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला.

एवढा प्रवास कशासाठी? तर आज महाराष्ट्रात, पुण्यामुंबईपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत, जे फ्यूजनचे कार्यक्रम होतात, त्यांतील एका मूलभूत दोषाकडे लक्ष वेधण्यासाठी. रंगमंचावर बासरी किंवा गायक राग मांडत असतो, कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू असतो, आणि बेस गिटार वाजवणारा कुशल तरुण पाश्चात्त्य सवयीप्रमाणे स्वरसंगतीचे मूळस्वर खाली बदलत जातो. याने काय होते, ते मारवा रागावरून पाहावे. मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल आहे, धैवत शुद्ध आहे, आणि त्या रागाचा सगळा प्राण यात आहे की गायक षड्जाला टाळत, ऋषभ आणि धैवतावर रेंगाळत, श्रोत्याला त्या षड्जासाठी तळमळत ठेवतो. आता बेसवादकाने खाली धैवत वाजवला तर? धैवत, त्यापासून तिसऱ्या स्थानी येणारा कोमल ऋषभ आणि पाचव्या स्थानी येणारा गंधार मिळून एक संपूर्ण, सुखद, शुद्ध स्वरांची त्रयी तयार होते. आपल्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात तसा आधारच सरकतो; धैवत नवा षड्ज होतो, आणि ज्या कोमल ऋषभाने हृदय पिळवटायला हवे तो निवांत, सुखी गंधार बनून बसतो. स्वर तेच, गायक तोच, आणि मारवा नाहीसा. हे एका खालच्या स्वराने केले.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा हे थांबवू शकत नाही काय? नाही, कारण कान सामान्यतः सर्वांत खालच्या पक्क्या स्वराला मूळ मानतो. गोंधळात तुणतुणे षड्ज राखते कारण संबळ त्या जागेवर हक्क सांगत नाही. बेस गिटार सांगतो, आणि तोही मोठ्या ध्वनिवर्धकातून. म्हणून बेसला बेसनेच उत्तर दिले पाहिजे. पाच तारांच्या बेसवर, ज्याची सर्वांत खालची तार सुमारे ३१ कंपनांची असते, पहिल्या वादकाने गायकाचा षड्ज तानपुऱ्याच्या खर्जाच्याही एक सप्तक खाली, म्हणजे काळी एकच्या गायकासाठी सुमारे ३५ कंपनांवर धरावा, आणि दुसऱ्या वादकाने खर्जाच्या वर राहून मनसोक्त चालावे. अशा मांडणीत दुसऱ्याने धैवत घेतला तरी तो षड्जावरचा धैवत म्हणूनच ऐकू येतो. तळमळ टिकते आणि चालही मिळते. राग आणि स्वरसंगती यांचे जे भांडण कधीच मिटणार नाही असे आपल्याकडे अनेक जाणकार म्हणतात, ते बऱ्याच अंशी खर्जाच्या एकाच खुर्चीवर दोघांना बसवल्याचे भांडण आहे.

यावर आक्षेप येतील, आणि एक आक्षेप तर गंभीर आहे. षड्ज अखंड धरला की पाश्चात्त्य स्वरसंगतीचे सौंदर्य, जे आधार बदलण्यातच आहे, ते मारले जात नाही काय? काही अंशी होय. म्हणूनच ही मांडणी प्रत्येक गाण्यासाठी नाही. जे वृंद रागाचे नाव घेऊन रंगमंचावर येतात त्यांच्यासाठी ती आहे. राग मांडायचा नसेल तर एक बेस पुरेसा आहे आणि त्याने हवे तिथे जावे. पण रागाचे नाव घ्यायचे, निवेदकाने त्याची वेळ आणि रस सांगायचा, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याचा षड्ज पायाखालून काढून घ्यायचा, हा रागावर आणि श्रोत्यावर अन्याय आहे.

सोलापुरात बेस गिटार हाती घेणाऱ्या तरुणांची आज उणीव नाही, पखवाज आणि हलगीवर हात बसलेली मुले तर घरोघर आहेत, आणि तानपुऱ्याचा भोपळा या जिल्ह्याच्या शेतात पिकतो. पुढच्या फ्यूजन कार्यक्रमाची आखणी करताना येथील वादकांनी एकदा तरी दोन बेसवादक घेऊन मारवा किंवा पूरिया बसवून पाहावा. त्यापैकी एकाला रात्रभर एकच स्वर धरून बसावे लागेल, आणि ते काम कमीपणाचे समजले जाऊ नये; तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्याला मैफलीत जो मान असतो तोच त्यालाही मिळावा. आयोजकांनी त्या षड्ज धरणाऱ्या वादकाचे मानधन अंदाजपत्रकात प्रथमपासून धरावे, ध्वनिव्यवस्थापकाने त्याला स्वतंत्र वाहिनी द्यावी, आणि श्रोत्यांनी केशव साठे यांची १९६६ आणि १९६७ ची ध्वनिमुद्रणे मिळवून खालच्या पट्ट्याकडे कान देऊन ऐकावीत, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे थांबते.